शिरोरेषा नसलेलं अक्षर

परवा घरी आलेल्या एका पाहुण्यांनी विचारलं, "तुझे बाबा आर्टिस्ट होते ना रे?" मी हो म्हणायच्या आत आतल्या खोलीतून आवाज आला, "आर्टिस्ट नाही. पेंटर. पाट्यांचा."

तर पाट्यांविषयी.

आम्ही बडोद्याचे, दांडिया बाजारातले. बाबांनी जवळजवळ चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या. रावपुरा, मांडवी, मंगळबजार, खंडेराव मार्केटच्या आसपासच्या गल्ल्या. घरात मराठी आणि पत्र्यावर गुजराती. शाळेच्या फॉर्मवर वडिलांच्या व्यवसायापुढे मी नुसतं 'धंदा' लिहायचो. आता त्याची लाज वाटते.

मराठी माणसाला गुजराती वाचता येणं बडोद्यात काही विशेष नाही, पण रंगवणं वेगळं. गुजरातीला शिरोरेषा नाही. बाबा म्हणतात, मराठी अक्षरं म्हणजे दोरीवर वाळत घातलेले कपडे. दोरी सरळ बांधली की निम्मं काम झालं, एखादा सदरा वाकडा असला तरी खपून जातो. गुजराती अक्षरं उघड्यावर उभी असतात. दोन अक्षरांत किती जागा सोडायची, हे पट्टीनं मोजून ठरत नाही. मोजून सारखं सोडलं तर डोळ्याला वाकडं दिसतं. 'र' अंगानं बारीक, त्याच्या शेजारी फट पडते, म्हणून त्याला शेजाऱ्याकडे किंचित सरकवायचं. किंचित म्हणजे किती? "दिसेल तेवढं." चाळीस वर्षांत यापलीकडचं उत्तर मला मिळालेलं नाही.

पत्रा घासायचा, रेड ऑक्साइडचा हात, त्यावर इनॅमलचे दोन हात. मग खडू लावलेली दोरी ताणून टिचकी मारायची, की ओळ उमटते. पावसाळ्यात रंग वाळत नसे, म्हणून घरात चणचण. दिवाळीच्या आधी मात्र बाबांची गाठ पडायची नाही, कारण लाभपाचमेला दुकान उघडताना प्रत्येक शेठला नवी पाटी हवी.

सयाजीरावांनी १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, हे बाबा फार आवडीनं सांगतात. त्यांचा हिशेब सरळ आहे: लोक वाचायला शिकले म्हणून पाटीला किंमत आली. याच गावात १९५० पासून फाइन आर्ट्सची नामांकित फॅकल्टी आहे. सायकलला शिडी बांधून बाबा तिच्यासमोरून शेकडो वेळा गेले असतील. आत कधी गेले नाहीत. कुणी बोलावलंही नाही, अर्थात.

फ्लेक्सवर माझा राग नाही. शेठला स्वस्त आणि झटपट हवं असतं, त्यात त्याचं काय चुकलं? राग आहे तो आपल्या 'वारसा' या शब्दावर. न्यायमंदिरासमोर मान वर करून फोटो काढणारे आपण, समोरच्या दुकानावरची हातानं रंगवलेली पाटी फोटोत आली तर कापून टाकतो. ती अक्षरंही कुणाच्या तरी मनगटातून उतरली आहेत, आणि खाली सही नाही. बाबांनी एकाही पाटीवर नाव टाकलं नाही. "दुकान त्याचं, नाव माझं कशाला?"

गेल्या दिवाळीत मांडवीजवळच्या एका भांड्यांच्या दुकानावरची बाबांची पाटी उतरली, एलईडी लागली. निळ्यावर पिवळी अक्षरं: 'वासण भंडार'. या पाटीवरून स्कूटर जायची तेव्हा बाबा दरवेळी मान फिरवायचे. का, ते मला कळत नसे. शेठनी पत्रा फुकट दिला, वर चहा पाजला. मी तो रिक्षात घालून घरी आणला, पुसला, हॉलमध्ये भिंतीला टेकवून ठेवला. खिळा कुठे ठोकायचा ते सकाळी बघू म्हटलं.

सकाळी उठून बघतो तर शेवटचा 'र' खरवडून साफ.

"बोटभर लांब गेला होता," बाबा म्हणाले. "तेव्हापासून डोळ्यात सलतोय. निळा आहे घरात, पिवळ्याचा डबा आण. छोटा आण हां, एकच अक्षर आहे."