दुखणं दुसऱ्याच्या अंगावर कसं काढावं

दुखणं अंगावर काढणं ही आपल्याकडची जुनी आणि मानाची रीत. आजोबांनी हिवताप अंगावर काढला, आजीने गुडघे काढले, आईने काय काय काढलं ते तिने कधी कळूच दिलं नाही. पण त्या बिचाऱ्यांच्या हाताशी अंग एकच होतं, स्वतःचं. तुमचं तसं नाही. तुम्ही रोज सकाळी डोंबिवलीहून सीएसएमटीला फास्ट लोकलने जाता. ऐन गर्दीत तिथे एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ माणसं उभी असतात. रेल्वेवाले त्याला ‘सुपर डेन्स क्रश लोड’ म्हणतात. चौरस मीटर म्हणजे किती, तर कॅरम बोर्डाहून जरा मोठी जागा. एवढी अंगं चहूबाजूंनी चिकटलेली असताना दुखणं एकट्याच्या अंगावर काढणं हा निव्वळ आप्पलपोटेपणा झाला.

तेव्हा परवापासून घसा खवखवतोय, रात्री १०१ ताप होता आणि पहाटेपासून नाकाचा नळ गळतोय, म्हणून घरी बसायचा विचार मनात आणू नका. बायको म्हणेल, ‘‘अहो, आज नका जाऊ.’’ तिच्याकडे ‘तुला ऑफिसातलं काय कळतंय’ अशा नजरेने बघा. तीही आठ वर्षं ऑफिसला जाते हे त्या क्षणापुरतं विसरा. धाकट्याला मात्र शाळेत पाठवू नका. त्यालाही तुमच्याचकडून ताप आलाय, आणि तापलेलं पोर वर्गात चालत नाही, अर्ध्या तासात शाळेतून फोन येतो, ‘‘घेऊन जा, बाकीच्या मुलांना लागेल.’’ शाळांना असले लाड परवडतात. ऑफिसांना परवडत नाहीत.

रजेचा हिशोब तुम्हाला पाठ असेलच. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने वर्षाला ८ किरकोळ रजा भरपगारी दिल्यात, आणि त्या तिमाहीने जमा होतात. म्हणजे तीन महिन्यांना दोन. तुमचा व्हायरल पाच दिवसांचा. मधला रविवार वजा, दोन रजा वजा, खाली उरले दोन दिवस. त्या दोन दिवसांचं तुमचं आजारपण हिशोबात बसत नाही. बरं, दोनातली एक रजा मावसबहिणीच्या साखरपुड्यात आधीच गेलेली. आणि तुम्ही रोजंदारीवर किंवा कंत्राटावर असाल तर हा हिशोब तुमच्यासाठी नाहीच, तुम्ही थेट प्लॅटफॉर्मवर या.

निघताना तापाची गोळी घ्या. बरं वाटावं म्हणून नव्हे, दिसू नये म्हणून. तिचा अंमल चार-सहा तास राहतो, तेवढ्यात प्रवास, हजेरी आणि साहेबांचा राउंड आटोपतो. डॉक्टरांकडे जाऊन आला असाल तर ते म्हणालेच असतील, ‘‘व्हायरल आहे, सगळीकडे पसरलंय.’’ कोण पसरवतंय हे ते विचारत नाहीत. पेशंट टिकवायचे तर तेवढा सभ्यपणा लागतो.

सामग्री फार लागत नाही. एक रुमाल. एकच. निळ्या चौकटीचा, सुती, रात्रभर तुमच्या उशाशी राबलेला. कडांना विक्सचा वास, मध्यभाग वाळून पापडासारखा झालेला. गाडी प्लॅटफॉर्मला लागता लागता तो खिडकीतून आत सीटवर टाका. रुमाल पडला की जागा धरली, हा नियम कुठल्या पुस्तकात नाही, पण त्यावर लोकल चालते. एरवी एखादा दांडगट रुमाल बाजूला सारून बसतोही. तुमचा रुमाल कोणी सारणार नाही. दोन बोटांत धरून बघेल आणि जिथून उचलला तिथेच ठेवेल. बसताना त्याच रुमालाने सीट झटका. स्वच्छतेची आवड दिसली पाहिजे.

खिडकीच धरा. चौथी सीट, म्हणजे तिघांच्या बाकावर चौथ्याने टेकायची जागा, निरोगी माणसांसाठी असते, निम्मं बूड हवेत ठेवून तासभर तोल सांभाळायला तब्येत लागते. तुम्ही फक्त ‘‘बरं नाहीये रे,’’ असं म्हणायचं. हळूच, पण चौथ्या सीटपर्यंत पोचेल असं. ग्रुप लगेच सरकतो. खिडकीचा दुसरा फायदा शास्त्रीय आहे. गाडीने वेग घेतला की वारा बाहेरून आत येतो, तुमच्या नाकातोंडावरून पुढे जातो आणि दारात लटकलेल्या शेवटच्या माणसापर्यंत तुमची विचारपूस पोचवतो.

आता शिंक. याबाबतीत सरकारी सूचना स्पष्ट आहे, शिंक कोपरात द्यावी. सूचना लिहिणारा गाडीने जात नसावा. खिडकी न मिळता उभं राहायची पाळी आली, तर ठाणं सोडलं की तुमचा उजवा हात वर कडीला असतो, डावा बॅगेवर, आणि जे कोपर तुमच्या नाकासमोर येतं ते तुमचं नसतं. घोळ घालू नका. कोपरात म्हटलंय, कोणाच्या ते म्हटलेलं नाही. जे जवळ असेल त्यात द्या. मग ‘सॉरी’ म्हणा, आणि लगेच पुढची द्या, कारण शिंका जोडीने येतात आणि पहिलीनंतर म्हटलेली ‘सॉरी’ दोन्हींना पुरते. (आमच्या डब्यात एक गृहस्थ शिंकेआधीच ‘सॉरी’ म्हणत. त्यामुळे आजूबाजूच्यांना मान फिरवायला वेळ मिळायचा. हा अगोचरपणा आहे, तुम्ही करू नका.)

खोकल्याचं तंत्र वेगळं. खोकला दाबायचा नाही, दाबला की लोकांना संशय येतो. मोकळेपणाने खोका आणि वर म्हणा, ‘‘धूळ किती झालीय हो.’’ दिवाळीनंतर ‘धूर’ म्हणा. पावसाळ्यात ‘एसीचं पाणी बाधलं’ म्हणा, त्याचा अर्थ कोणी विचारत नाही.

तुमच्याशी लोक प्रेमाने वागतील. हीच तर लोकलची माया. शेजारचे काका खिशातून लवंग काढून, ती आपल्या धोतराला नाही तर पँटला पुसून, तुमच्या तळहातावर ठेवतील. समोरचा सांगेल, ‘‘सुंठ, मिरी, गूळ. तीन दिवस. चौथ्या दिवशी माझं नाव सांगा.’’ पलीकडचा म्हणेल, ‘‘काढ्याने काही होत नाही, अँटिबायोटिक मार एक.’’ आणि स्वतःच्या बॅगेतलं पाकीट काढेल, ज्यातल्या पाच गोळ्यांपैकी दोन खाऊन त्याला बरं वाटलं म्हणून तीन उरल्यात. व्हायरलला अँटिबायोटिकचा उपयोग नसतो हे त्याला सांगू नका. त्याच्या मेहुण्याला गुण आलाय. पाण्याची बाटली फिरत असेल तर तोंड न लावता वरून प्या, मात्र पिताना ठसका लागू द्या.

बायकांच्या डब्याबद्दल बोलायचा मला अधिकार नाही. पण घरून कळतं ते असं की तिथे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं, तिळगूळ हातोहात जातो, आणि दोन सीटच्या मधल्या बोळात उभी असलेलीला ‘‘कुठे उतरणार?’’ विचारताना तिचा ताप आपोआप कळतो, कारण तिचं पोट आपल्या कपाळाला टेकलेलं असतं. थर्मामीटर लागत नाही.

डोळे आले असतील तर काळा चष्मा घाला आणि वरची कडी घट्ट धरा. २०२३ च्या जुलैत अर्धा महाराष्ट्र काळ्या चष्म्यात फिरत होता. तेव्हा लोक म्हणायचे, नुसतं बघितलं तरी डोळे येतात. बघून येत नाहीत. डोळा चोळून तीच कडी धरली की येतात. पण बघण्यावर खापर फुटत असेल तर कडीचं नाव कशाला काढा.

जरा खर्च करायची तयारी असेल तर एसी लोकल. देशातली पहिली २५ डिसेंबर २०१७ ला बोरिवलीहून चर्चगेटला निघाली. दारं बंद, काचा बंद. साध्या डब्यात तुमचं निम्मं दान खिडकीतून कुर्ल्याच्या रुळांवर वाया जातं, इथे बरंच आतल्या आत फिरतं आणि थंडगार होऊन परत येतं. गोवर असेल तर बघायलाच नको. गोवराचा विषाणू माणूस उठून गेल्यावरही बंद जागेच्या हवेत दोन तासांपर्यंत तग धरतो. म्हणजे तुम्ही सीएसएमटीला उतरून ऑफिसात चहा घेत असाल, आणि तुमचा गोवर त्याच डब्यातून, बिनतिकीट, परतीच्या लोकांबरोबर कल्याणला पोचलेला असेल. एवढी सेवा करून पास मात्र एकाचाच.

एखादा शहाणा कायदा काढील. काढू द्या. रेल्वे कायदा, १९८९, कलम ५६. नियमांनी ठरवलेला सांसर्गिक रोग झालेल्या माणसाने अधिकृत रेल्वे कर्मचाऱ्याच्या परवानगीशिवाय गाडीत चढू नये किंवा थांबू नये. परवानगी दिलीच, तर त्या कर्मचाऱ्याने रोग्याला इतर प्रवाशांपासून वेगळं ठेवायची व्यवस्था करावी. साधी सर्दी त्या यादीत बसत नाही, पण बसते असं धरून एकदा अमलात आणून बघाच. आठ वाजून काही मिनिटांनी डोंबिवलीच्या प्लॅटफॉर्मवर अधिकृत कर्मचारी शोधा. सापडला तर त्याला म्हणा, ‘‘साहेब, मला इतरांपासून वेगळं ठेवा.’’ तो तुमच्याकडे बघेल, गाडीकडे बघेल, दारातून बाहेर लोंबकळणाऱ्या बॅगांकडे बघेल. त्याच्या चेहऱ्यावर जे येईल त्यासाठी एक दिवसाची रजा घालवायला हरकत नाही. याच कलमात पुढे म्हटलंय की विनापरवाना चढलेल्या रोग्याचा पास जप्त, आणि त्याच्यासोबतच्या माणसाचाही. आता सोबतचा कोण ते ठरवायचं. कॅरम बोर्डावरचे पंधराही जण तुमच्या सोबतच आहेत, सुटायचं म्हटलं तरी सुटता येत नाही.

त्याहून जुना कायदा हवा तर १८९७ चा साथरोग कायदा आहे. आदल्या वर्षी मुंबईच्या मांडवीत प्लेग निघाला म्हणून घाईने केलेला. रेल्वेने जाणाऱ्यांची तपासणी करायचा अधिकार त्यात शब्दांत लिहिलाय. तेव्हा माणसाला गाडीतून उतरवून काखा-जांघा चाचपायचे, गाठ आहे का बघायला. आज ते काम सहप्रवासी फुकटात करतात, फक्त ते पाकीट शोधत असतात.

राहिला मास्क. तो लावायची चूक करू नका. मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाली आणि ऑफिसच्या वेळेत चालणारा पास सगळ्यांना पुन्हा मिळायला १५ ऑगस्ट २०२१ उजाडला, तोही दोन डोस होऊन १४ दिवस झाल्याचा कागद दाखवल्यावर. तेवढ्या काळात आपण मास्क इतका लावला की आता तो बघूनच लोकांना ताप येतो. मी मागे एकदा लावून गेलो होतो. खोकला नव्हता, ताप उतरला होता, डॉक्टर म्हणाले म्हणून आपला लावला. समोरच्याने विचारलं, ‘‘काय हो, आजारी आहात?’’ ‘‘होतो,’’ म्हटलं. तो उठून उभा राहिला. खिडकी मिळत असताना माणूस उठून उभा राहतो, हे मी लोकलमध्ये त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. त्याच्या जागी जो बसला तो घाटकोपरपासून भायखळ्यापर्यंत घसा फाटेस्तोवर खोकला, उघड्या तोंडाने, आणि त्याला दोघांनी लवंग दिली. चौथ्या दिवशी मी पुन्हा झोपलो. रजा संपल्या होत्या, म्हणून पाचव्या दिवशी निघालो.

तर भायखळा गेलं की उठायच्या तयारीला लागा. रुमाल मांडीवरून उचला, नाक पुसा, खिडकीची कड पुसा, काका उतरताना हात पुढे करतील तो मनापासून दाबा. सीएसएमटीला गर्दी आपोआप बाहेर ओतते, पायांना काम नाही. तिथून शेअर टॅक्सी, मागे तिघं, काच वर, कारण तुम्हाला वारा लागतोय.

ऑफिसात साहेब दारातच भेटतील. तुमचे डोळे बघून म्हणतील, ‘‘अरे, एवढा ताप असताना आलास? याला म्हणतात कमिटमेंट.’’ आणि दोन पावलं मागे जाऊन आपल्या केबिनचं दार लावून घेतील. वाईट वाटून घेऊ नका. त्यांच्या मुलीची परीक्षा आहे.

हजेरीच्या यंत्रापुढे रांग असेल. तुमच्यामागे अकरा जण, घड्याळ बघत. अंगठा टेकवा. लाल दिवा लागेल, ‘‘प्लीज ट्राय अगेन.’’ तापाने अंगठा घामेजलेला असतो, ओळख पटत नाही. मागून कोणीतरी म्हणेल, ‘‘पुसून घ्या हो जरा.’’ रुमाल काढा. अंगठा पुसा, यंत्राची काचही पुसा, आणि परत टेकवा, जोर देऊन.

यंत्र ‘‘थँक यू’’ म्हणतं.