‘वेगळं काहीतरी’ ऐकणाऱ्या बाईचे हाल

लग्नं जुळवणाऱ्या बायकांबद्दल मला हल्ली फार आदर वाटायला लागलाय. स्थळ सुचवायचं, दोन्हीकडचे स्वभाव सांभाळायचे, जमलं तर ‘योगच होता’ आणि फिसकटलं तर ‘हिनंच आणलं होतं ते स्थळ’. बँड सुचवणाऱ्या माणसाचं डिट्टो असंच होतं, फक्त त्या बायकांना शेवटी साडी तरी मिळते.

आमच्या ऑफिसात माझी ख्याती अशी की ‘ती ते वेगळं काहीतरी ऐकते’. वेगळं म्हणजे इंडी, अल्टरनेटिव्ह रॉक वगैरे, म्हणजे ज्यात गाणारा माणूस नुकताच झोपेतून उठल्यासारखा वाटतो आणि गिटार त्याला परत झोपू देत नाही, ते. तर दर काही दिवसांनी कोणीतरी कॉफी मशीनपाशी गाठतं आणि म्हणतं, अगं मला पण सांग ना दोन-चार चांगले बँड, तेच तेच ऐकून कंटाळा आलाय. मी विचारते, तुला काय आवडतं? तर उत्तर येतं, मला सगळंच आवडतं. सगळंच आवडणाऱ्या माणसाला प्रत्यक्षात अकरा गाणी आवडतात आणि त्यातली नऊ कॉलेजातली असतात, हे मला आता पाठ झालंय, पण तरी दर वेळी आतून काहीतरी हलतं. वाटतं, हा तो. ह्याला कळणार.

मग रात्री घरी कुकरच्या शिट्ट्या चालू असताना मी यादी करायला बसते. हे काम साधं नाही हो. आर्क्टिक मंकीज दिले तर तो म्हणणार हे तर माझ्या जिमच्या ट्रेनरला पण माहितीये, म्हणजे माझा भाव गेला. एकदम अवघड काही दिलं तर माणूस गेला. पहिलं गाणं ओळखीचं वाटायला हवं पण ओळखीचं असायला नको, दुसऱ्यात थोडी गंमत, तिसऱ्यात जरा कडू, चौथ्यात मी स्वतः. हो, खरं सांगायचं तर चौथं गाणं म्हणजे मीच असते, मी अशी आहे बघ, आतून, रोज टिफिन उघडताना दिसते तशी नाही. एवढं सगळं त्या बिचाऱ्याला पाठवायचं आणि दुसऱ्या दिवशी मेसेज येतो, ‘मस्त गं, वीकेंडला ऐकतो.’ न ऐकताच मस्त! आणि तो वीकेंड कुठल्याच कॅलेंडरात येत नाही, दाते पंचांगातसुद्धा.

आपल्या देशातले बँड सुचवून बघावेत असंही वाटलं मधे. दिल्लीचा पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी म्हणून बँड आहे, फार गोड वाजवतात, गाणारा असा गातो की जुन्या काळच्या क्लबात शेवटचं गिऱ्हाईक पण निघून गेलंय आणि ह्याला कोणी सांगितलंच नाहीये. अकाउंट्समधल्या एकाला पाठवलं. तो म्हणाला, कंपनी? लिस्टेड आहे का? म्हटलं बाबा, अल्बम ऐक, २०१९ चा, नाव आहे बिस्मिल्लाह. दोन दिवसांनी तक्रार आली की सगळं ऐकलं, सनई कुठेच नाही. आता ह्यात त्याचं काय चुकलं? मी म्हटलं सनई नाही पण ट्रम्पेट आहे ना. तर म्हणे हो, पण इंग्लिशमध्ये का गातात, आपलेच आहेत ना? (हा माणूस दिवसभर क्लायंटशी ‘किंडली डू द नीडफुल’ करत असतो, पण ते जाऊ दे.)

सगळ्यात वाईट म्हणजे गाडी. पावसाळ्यात ताम्हिणीला निघालोय, पाचजण कोंबलेत, कोणीतरी उदार होऊन म्हणतं की आज ब्लूटूथ हिच्याकडे द्या, हिचं ते वेगळं ऐकू. हा सन्मान नसतो, हा सापळा असतो, पण बाहेर ढग उतरलेले, डोंगरावरून पाणी कोसळतंय, अशा वेळी माय ब्लडी व्हॅलेंटाइनचा लव्हलेस नाही लावायचा तर कधी लावायचा? लावला. दहा-बारा सेकंदात चालवणाऱ्याने डॅशबोर्डवर दोन थापा मारल्या आणि म्हणाला, तुझं ब्लूटूथ गंडलंय बघ. म्हटलं नाही रे, ते तसंच आहे. मागून आवाज आला, मग स्पीकर फाटलाय. मी समजावायला लागले, की अरे ह्या बँडमध्ये केव्हिन शील्ड्स म्हणून आहे, तो गिटारच्या ट्रेमोलोची दांडी हातात धरूनच तारा छेडतो म्हणून तो सूर असा सतत वाकत राहतो, १९९१ चा अल्बम आहे, दोन वर्षं लागली करायला, एकोणीस स्टुडिओ बदलले. चालवणारा वळण घेता घेता शांतपणे म्हणाला, एकोणीस स्टुडिओत एकालाही कळलं नाही स्पीकर फाटलाय ते?

ह्यावर जगात उत्तर नाही. मी तरी चिवटपणे सांगितलं की ह्यानंतरचा अल्बम त्यांनी थेट २०१३ मध्ये काढला, बावीस वर्षांनी. ‘बरं केलं’ एवढीच प्रतिक्रिया आली. मग कोणीतरी माझ्या हातातून फोन काढून घेऊन अजय-अतुल लावलं आणि गाडीत जीव आला, आणि सगळ्यात मोठ्याने कोण ओरडत होतं ते सांगत नाही.

घरात परिस्थिती वेगळी. आमचे बाबा सवाईचे जुने वारकरी, किराणा घराण्याची माणसं, जयपूरवाल्यांबद्दल बोलताना आवाज आपोआप अर्धा स्वर खाली जातो. त्यांना मी एकदा गॉडस्पीड यू ब्लॅक एम्परर ऐकवलं. माँट्रियलचा बँड, गाणारं कोणीच नाही, आणि २००० सालचा त्यांचा जो डबल अल्बम आहे त्यात मिळून गाणी चार आणि वेळ सत्याऐंशी मिनिटांच्या आसपास. मला वाटलं दोन मिनिटांत पेपर उघडतील. पण माणूस डोळे मिटून बसला. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. मग एक डोळा उघडून म्हणाले, ‘सुरू झालं का, की अजून वाद्यं लावतायत?’ म्हटलं बाबा, अर्धं झालं. परत डोळे मिटले. शेवटी सगळं थडाथड वर चढलं तेव्हा मान डोलली, मी पाहिली, आणि संपल्यावर म्हणाले, आलापी बरी आहे, झालाही आहे, पण बंदिश कुठाय? बंदिश नाहीये बाबा. मग जरा विचार करून, ‘ह्यांचं जुनं रेकॉर्डिंग आहे का? पहिलं पहिलं चांगलं असणार ह्यांचं.’

इथे मला भरूनच आलं. कारण जगातला कुठलाही इंडीवाला, मँचेस्टरचा असो की कोथरूडचा, शेवटी ह्याच वाक्यावर येतो. पहिला अल्बम ऐकलायस का? नंतर गेले ते. बाबा एका बैठकीत आमच्यात आले.

आता टीशर्टचं सांगते. माझ्याकडे जॉय डिव्हिजन ह्या इंग्लिश बँडच्या अल्बमच्या मुखपृष्ठाचा तो काळा टीशर्ट आहे, पांढऱ्या खालीवर रेघांचा, तुम्ही शंभर जणांच्या अंगावर पाहिला असेल, त्यातल्या नव्वद जणांनी डिझाइन आवडलं म्हणून घेतलेला असतो आणि त्यात काहीही गैर नाही असं माझं आता मत झालंय. पण पुरुषांचं नाही झालेलं. पुण्यात एका गिगला दाढीवाला एकजण थेट समोर येऊन म्हणाला, जॉय डिव्हिजन? तीन गाणी सांग. ओळख नाही, पाळख नाही, थेट तोंडी परीक्षा! माझ्या शेजारी माझा नवरा तोच टीशर्ट घालून उभा होता (कॉम्बो ऑफर होती), त्याला त्यातलं ओ की ठो कळत नाही, त्याला कोणी काही विचारलं नाही. मी पाच सांगितली. मग तो म्हणाला की पण हल्लीच्या बँडना इंडी म्हणणं चूक आहे, इंडी म्हणजे स्वतंत्र लेबल, मोठ्या कंपनीला शिवायचं नाही. हे त्याने ज्याच्यावर निर्वाणा बँडचं चित्र होतं असा टीशर्ट घालून सांगितलं, आणि त्यांचा नेव्हरमाइंड अल्बम काढला होता गेफेनने, म्हणजे मोठ्या कंपनीनेच. मी पण मग सोडलं नाही. म्हटलं, दादा, ब्रिटनमध्ये १९८० पासून इंडीची वेगळी क्रमवारी निघायची, आणि तिचा नियम एवढाच होता की माल मोठ्या कंपन्यांच्या वितरणातून जाता कामा नये, आवाज कसा आहे ह्याच्याशी संबंध नाही, त्यामुळे १९८८ च्या सुमारास त्या इंडी यादीत मस्त वर बसलेली कोण होती, तर ती चकचकीत पॉपवाली काइली मिनोग. तुमच्या नियमाने काइली इंडी आणि सहा अल्बम ईएमआय ह्या बड्या रेकॉर्ड कंपनीकडे काढणारे रेडिओहेड नाहीत. तो बीअर आणायला गेला तो परत आला नाही.

त्या टीशर्टची खरी परीक्षा मात्र नारायणगावात झाली. तिथे माझा मामा टोमॅटो करतो. आईचं म्हणणं की ते ईसीजी आहे आणि असलं अशुभ अंगावर घालू नये. मामाने चष्मा वर केला, रेघांकडे बघितलं आणि म्हणाला, ‘हे पल्सरचं हाय ना?’ मामेभाऊ दारात उभ्या असलेल्या बाइककडे बघायला लागला. ‘ती न्हवं रं, वरची.’ मी उडालेच. कारण ते खरंच तेच आहे, १९६७ मध्ये जोसेलिन बेल ह्या खगोलशास्त्रज्ञ बाईला सापडलेल्या पहिल्या पल्सरचे, म्हणजे ठोके दिल्यासारख्या रेडिओ लहरी सोडणाऱ्या ताऱ्याचे ठोके, एका संशोधकाने १९७० च्या आपल्या प्रबंधात एकाखाली एक रचून छापलेले, तिथून ते खगोलशास्त्राच्या एका कोशात आणि तिथून १९७९ च्या त्या अल्बमवर आले. आणि मामाला हे कसं माहीत, तर शेजारी खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण, पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस अँटेना, तिथे पल्सरवरच काम चालतं, आणि विज्ञान दिनाला तिथलं प्रदर्शन बघायला अख्खा तालुका जातो, मामा नातवंडांना घेऊन जातो आणि नातवंडं भेळ खात असताना स्वतः सगळे तक्ते वाचून येतो.

मग म्हणाला, लावून दाखव की त्यांचं. मी लावलं. नुसतं ‘वेगळं काहीतरी’ न म्हणता कोणी नेमकं मागितलेलं हे पहिलंच. खळ्यात क्रेट लावायचं काम चालू होतं, मामाने बऱ्यापैकी ऐकलं, ढोलाचा आवाज आवडला म्हणाला. मग जरा थांबून, ‘वाजिवत्यात झ्याक, पण गाणाऱ्याची तब्येत बरी न्हाय वाटत.’

नव्हतीच. तेवीस वर्षांचा गेला तो, पण मामाला मी ते सांगितलं नाही. क्रेट उचलू लागले.

ब्रायन ईनो ह्या संगीतकाराचं एक म्हणणं ह्या विषयात सगळे सतत फेकत असतात, की व्हेल्व्हेट अंडरग्राउंडचा पहिला अल्बम सुरुवातीच्या पाच वर्षांत फक्त तीस हजार खपला पण ज्याने ज्याने घेतला त्याने बँड काढला. मीही फेकायचे. माझ्याकडून ज्यांनी ज्यांनी ऐकलं त्यातल्या एकाने आजवर फक्त हेडफोन विकायला काढलेत. त्यामुळे मी ठरवलं की आता बास, कोणी विचारलं तर हवामानावर बोलायचं.

आणि मग ठाण्याची भाची आली सुट्टीत. पंधरा वर्षांची. ही लहान असल्यापासून मी तिला पेव्हमेंट ऐकवायचा प्रयत्न करतेय, वाढदिवसाला, प्रवासात, एकदा तर दात दुखत होता तेव्हा, आणि दर वेळी ‘मावशी बंद कर ना’. ती आता सोफ्यावर आडवी पडून मला म्हणते, ‘मावशी, तुला पेव्हमेंट म्हणून एक बँड आहे, माहितीये का गं?’

माहितीये का! मी गॅस बंद करून आले. म्हटलं कुठलं गाणं? तर म्हणे हार्नेस युअर होप्स. आता हे गाणं म्हणजे अल्बमवर न घेतलेलं, १९९९ च्या एका ईपीच्या, म्हणजे छोट्या रेकॉर्डच्या कोपऱ्यात टाकून दिलेलं, मी स्वतः त्याला कधी यादीत धरलं नव्हतं. आणि झालं काय, तर स्पॉटिफाय एक गाणं संपलं की आपण होऊन पुढचं लावतं ना, त्यात ह्या गाण्याचा नंबर लागत गेला, मग टिकटॉकवर गेलं, आणि आता स्पॉटिफायवर पेव्हमेंटचं सगळ्यात जास्त ऐकलं जाणारं गाणं ते आहे. इतकी वर्षं जीव तोडून मी जे केलं ते एका यंत्राने कोणी न विचारता, कोणाला न समजावता करून टाकलं. समजावलं नाही म्हणूनच जमलं असणार त्याला, पण हे मी कबूल करणार नाही.

मी मोठ्या आशेने म्हटलं, मग बाकीची ऐकलीस का त्यांची? मी देऊ यादी? ती म्हणाली, ‘नको गं, ऐकली दोन-तीन. त्यातला तो काका जरा बेसुरा गातो ना?’ गातो. तेच तर त्यात आहे, असं सांगणारं माझं एक वीस मिनिटांचं भाषण तयार आहे, पण तोवर ती माझ्याच फोनवर काहीतरी टाइप करायला लागली होती. ‘मी तुला प्लेलिस्ट करून देते मावशी, तू ते वेगळं काहीतरी ऐकतेस ना, तुला आवडेल. ऐक आणि सांग हं, नक्की सांग.’

ऐकतेय दोन दिवस, येता जाता. तिसरं गाणं तर असलं भारी आहे की मी बसमधून एक स्टॉप पुढे गेले. तिला अजून कळवलेलं नाही. सारखी विचारतेय बिचारी. विचारू दे थोडं.