तुमच्या पियानोचा आवाज दबला, त्याबद्दल

नमस्कार ताई,

आम्ही हॅमरला, म्हणजे तारेवर आपटणाऱ्या छोट्या हातोडीला, सुया टोचून आवाज मारला आणि पैसे घेऊनही पट्ट्या जडच राहिल्या, असं तुम्ही लिहिलंय. दोन्हींचं उत्तर देतो.

आवाजाची चूक माझी. पियानो कर्कश झाला होता, कारण इतक्या वर्षांत तारांनी हॅमरच्या फेल्टमध्ये, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या थरात, खाचा पाडल्या होत्या आणि फेल्ट दगडासारखं घट्ट झालं होतं. खाचा घासायच्या आणि मग सुयांनी फेल्ट मोकळं करायचं, ही जुनी, रुळलेली पद्धत आहे. पण वरच्या दीड सप्तकात मी जास्त टोचलं. तिथल्या हॅमरवर फेल्टचा थर पातळ असतो. टोचे कमी पडले तर पुन्हा देता येतात, जास्त झालेले मागे घेता येत नाहीत. दोन-दोन टोच्यांनंतर तुमच्या मुलीला वाजवायला लावून मगच पुढे जायला हवं होतं. ती शाळेत होती आणि मी थांबलो नाही.

जडपणाचं जरा वेगळं आहे. घोडबंदर रोडला खाडी जवळ, त्यात पावसाळा. पट्ट्यांच्या आतलं बनातीचं अस्तर फुगलं होतं, हॅमर ज्या बारीक पिनांवर फिरतात त्या आवळल्या होत्या. मधल्या पट्ट्या दाबायला ७० ग्रॅम लागत होते, साधारण ५० लागायला हवेत. काम झाल्यावर ५२ आले, ते तुमच्यासमोरच वजनं ठेवून दाखवलं होतं. तरीही तुमच्या मुलीला पट्ट्या जड लागतात, आणि ती खरंच सांगतेय. आवाज दबला की तेवढाच सूर काढायला बोट जास्त जोर लावतं, मग हाताला पट्टीच जड वाटते. तिच्या हातापुढे माझ्या ५२ ग्रॅमला काही अर्थ नाही.

म्हणून मुलगी घरी असेल तेव्हाच येतो. वरचे हॅमर बारीक पॉलिश पेपरने हलके घासून बघू, लागलंच तर फेल्ट पुन्हा थोडं घट्ट व्हायला पातळ लॅकरचा एखादा थेंब देऊ, प्रत्येक वेळी तिला वाजवायला लावून. पट्टी दाबल्यावर हॅमर तारेपासून दीड-दोन मिलिमीटरवर पट्टीच्या जोरातून सुटतो की नाही, तेही ८८ पट्ट्यांवर पुन्हा तपासतो. हळू वाजवताना हाताला तेच जाणवतं. याचे पैसे घेणार नाही. एवढं करूनही तिचं समाधान झालं नाही, तर वरच्या दीड सप्तकातले ते १८ हॅमर माझ्या खर्चाने बदलून देईन.

पावसात हॉलच्या खिडक्या बंद ठेवा म्हणालो, ती मात्र टाळाटाळ नव्हती. दमट हवा आत येत राहिली तर अस्तर पुन्हा फुगेल.

शनिवारी सकाळी ११ वाजता चालेल का, तेवढं कळवा.