चव घ्यायच्या आधीच निकाल

आज ठाण्यात जांभळी नाक्याच्या मंडईत एक गृहस्थ आपल्या चार-पाच वर्षांच्या लेकाला शेवळाची, म्हणजे पावसाळ्यातल्या रानभाजीची, जुडी दाखवून म्हणाले, "शी! बघ कसलं घाणेरडं दिसतंय." ती विकायला बसलेली बाई समोर ऐकत होती. डोकंच फिरलं.

नका घेऊ ना, कोण जबरदस्ती करतंय? पण पोराच्या जिभेला भाजी लागायच्या आत तुम्ही निकाल देऊन मोकळे! त्या वयात मुलं नव्या पदार्थाला बिचकतातच. तीच चव ८-१० वेळा, कधी १५ वेळाही पुढे आली की मग ओळखीची होते. दरवेळी चमचाभरच, पोर भुकेलं असताना, आवडत्या पदार्थाच्या शेजारी. "ताट संपव" म्हणालात की सगळं मुसळ केरात. चॉकलेटची लाच तर मुळीच नको, भाजी म्हणजे शिक्षा हे त्याला तिथंच पक्कं कळतं.

शेवळं खाजतात म्हणे. खाजतात ना! सुरण, अळू, शेवळं सगळी एकाच कुळातली. त्यांच्यातले कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक घशाला टोचतात. म्हणून तर हाताला तेल लावून निवडायची. आतला पिवळा भाग काढून टाकायचा, उरलेलं बारीक चिरून तेलावर चांगलं परतायचं. दोन जुड्यांना १०-१२ काकडं (ही आंबट रानफळं) ठेचून, पाण्यात उकळून, ते पाणी गाळून घालायचं. काकडं नसतील तर चिंचेचा कोळ. आंबट कमी पडलं किंवा भाजी अर्धी कच्ची उतरवली की घसा धरलाच म्हणून समजा. सीकेपी (चांद्रसेनीय कायस्थ प्रभू) घरांत त्यात कोळंबी घालतात. पहिल्यांदा खाणाऱ्याला तशीच द्या, ओळखीच्या चवीचा आधार मिळतो.

कदाचित त्या गृहस्थांनाही लहानपणी कुणीतरी अशीच घाईत केलेली भाजी दटावून भरवली असेल. तसं असेल तर राग तरी किती धरायचा? पण मग मुलासमोर गप्प राहा, एवढं तर जमेल!

काहींना कडू जन्मतःच जास्त लागतं, मान्य. १९३१ साली आर्थर फॉक्स या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत पीटीसी नावाच्या रसायनाची पूड उडाली, ती सहकाऱ्याला कडू लागली आणि त्याला स्वतःला काहीच लागलं नाही. अ‍ॅलर्जी असेल तर प्रश्नच मिटला. बाकीच्यांचं काय?

नावडत्या भाज्यांशी ओळख करून घ्यायची तर मोठ्यांनी कारल्यापासून सुरुवात करावी. पाव किलोच्या पातळ चकत्या, बिया काढून, चमचाभर मीठ चोळून अर्धा तास ठेवायच्या. घट्ट पिळायच्या, नाहीतर तेलात कुरकुरीत न होता मऊ पडतात आणि कडू पाणी आतच राहतं. गूळ-चिंच शेवटी, चकत्या तांबूस झाल्यावर. भेंडी बुळबुळीत म्हणून नको असेल तर धुऊन पुसून पूर्ण कोरडी करा, मगच चिरा. मोठ्या आचेवर, झाकण न ठेवता, दोन आमसुलं टाकून परता. मीठ अगदी उतरवताना घाला, आधी घातलंत तर पाणी सुटून तार धरते.