कागदावर किनारा कसा वाचवावा

पूरधोक्याचा नकाशा करायचं काम गळ्यात पडलं असेल, तर आधी एवढंच विचारून घ्या: बंधाऱ्याचा निधी आणायचाय की रिसॉर्टची परवानगी? मोजणी दोन्हींना एकच पुरते. खरी करामत शून्यात आहे, म्हणजे उंची कुठून मोजायची त्यात.

भरती-ओहोटीच्या कोष्टकातले आकडे चार्ट डेटमपासून मोजतात, म्हणजे ज्याच्या खाली ओहोटीचं पाणी सहसा उतरत नाही त्या पातळीपासून. जमिनीची उंची देतात ती सरासरी समुद्रसपाटीपासून. मुंबईत अपोलो बंदराला या दोन शून्यांत सुमारे २.५ मीटरचं अंतर आहे. महापालिकेच्या नकाशांवर टाउन हॉल डेटम हे तिसरं शून्यही भेटतं, ते चवीपुरतं घाला. आता उधाणाची ४.९ मीटरची भरती घ्या. समुद्रसपाटीच्या वर ती खरी २.४ मीटर. निधी हवा असेल तर ४.९ तसेच जमिनीच्या नकाशावर ठेवा. देवळापासून एसटी स्टँडपर्यंत सगळं पाण्यात. परवानगी हवी असेल तर २.५ दोनदा वजा करा, उधाण उणे ०.१ वर येईल आणि रिसॉर्टचा तरणतलावसुद्धा डोंगरावर जाईल. हटकायला कोणी येणार नाही. दर पावसाळ्यात बातम्यांत ‘साडेचार मीटरच्या लाटा उसळणार’ असतंच, आणि तो आकडा लाटेचा नसून भरतीचा आहे, हे वाचणाऱ्याला आणि छापणाऱ्याला दोघांनाही खपतं. लाटा आणि वादळाने फुगलेलं पाणी या भरतीच्या वर येतं. कोष्टकात ते धरलेलं नसतं, तुम्हीही धरू नका.

जमिनीच्या उंचीसाठी गावभर लेव्हल मशीन फिरवायची गरज नाही. फेब्रुवारी २००० मध्ये अवकाशयानातल्या रडारने मोजलेली, ३० मीटरच्या चौकटींची एसआरटीएमची उंची फुकट मिळते. चूक काही मीटरची असते, म्हणजे ज्या पुराचा नकाशा करायचा त्या पुराहून मोठी. त्यात या रडारला माडा-पोफळीच्या दाट वाडीखालची जमीन नीट दिसत नाही, त्यामुळे सखल वाड्या टेकाडासारख्या वर येतात. दिवेआगर-श्रीवर्धनकडच्या पोफळी ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने आडव्या केल्या. या आकड्यांत मात्र त्या अजून उभ्या आहेत आणि इमानेइतबारे गाव राखताहेत.

आता वाळू. कोकणात जून ते सप्टेंबरच्या लाटा पुळणीवरची, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावरची, वाळू ओढून किनाऱ्याजवळच पाण्याखाली टाकतात आणि दिवाळीनंतर समुद्र ती हळूहळू परत आणतो. म्हणून पहिली मोजणी सप्टेंबरात करा, दुसरी मे महिन्यात: पुळण वाढली, अभिनंदन. धूप दाखवायची असेल तर महिने उलटे घ्या. उपग्रहाच्या चित्रांवर तर ऋतू बदलण्याचीही वाट बघायला नको. पुळणीचा उतार ५० ला १ असेल तर भरतीच्या पातळीतल्या एका मीटरच्या फरकाने पाण्याची कड ५० मीटर सरकते. एक चित्र ओहोटीचं, एक भरतीचं, आणि वेळ कुठेही लिहायची नाही.

ड्रोन उडवाच, लोक जमतात. पण जमिनीवर खुणा रोवून त्यांची उंची मोजण्याच्या भानगडीत पडू नका. त्या नसतील तर सगळा पृष्ठभाग १० सेंटिमीटर वर-खाली सहज होतो. तीन किलोमीटर लांब, ५० मीटर रुंद पुळणीवर हे १० सेंटिमीटर म्हणजे १५,००० घनमीटर, म्हणजेच जवळपास ५,३०० ब्रास. तीन ब्रासच्या डंपरने पावणेदोन हजारावर खेपा. एवढी वाळू कोणी रातोरात उपसली तरी तुमच्या चुकीच्या पोटात मावेल. ड्रोनला पाण्याखालचं दिसत नाही आणि खोली मोजणारी होडी फुटत्या लाटांत शिरत नाही, तेव्हा मधला पट्टा कोराच राहतो. पावसाळ्यात गेलेली वाळू नेमकी तिथेच बसलेली असते. कोरं बरं दिसत नाही म्हणून दोन टोकं सरळ रेषेने जोडून टाका. पाण्याखालचा वाळूचा दांडा जागच्या जागी नाहीसा होतो.

खाडी आणि किनारा एकाच कागदावर कधीही आणू नका. खाडीच्या तोंडावरची वाळू ब्रासमध्ये मोजून लिलावाच्या फायलीत ठेवायची आणि पुळणीची घनमीटरमध्ये धुपीच्या फायलीत. मालवणजवळच्या देवबागला एका अंगाला कर्लीची खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र आणि मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. तिथे दोन्ही बेरजा शेजारी मांडल्या, तर खाडीतून सक्शन पंपाने उपसली जाणारी वाळू कुठली हे शाळकरी पोरही विचारेल.

धूपप्रतिबंधक बंधारा नुसती जाड रेघ म्हणून काढा. माथ्याची आणि पायथ्याची उंची दिलीत, तर आपटून परतणाऱ्या लाटेने पायथ्याची वाळू किती खरवडली ते पुढच्या वर्षी कोणीतरी मोजेल. आणि रेघ जिथे संपते तिथून पुढचा किनारा नव्याने झिजू लागतो. तो पुढच्या निविदेचा नकाशा, यात घुसडू नका.

प्रमाण १:२५,००० ठेवा. अर्ध्या मिलिमीटरच्या रेषेखाली साडेबारा मीटर जमीन झाकली जाते, त्यात एखाद्याचं घर पडवीसकट बसतं. घर रेषेच्या आत की बाहेर हे मग रेषा कोण वाचतो त्यावर.

शेवटी सगळं छापा, सही-शिक्का घ्या, स्कॅन करा आणि पीडीएफ द्या. मूळ फाइल कोणी मागितली तर ती जुन्या संगणकात आहे. डेटमची टीप डाव्या कडेला बारीक अक्षरात घाला. बाइंडिंगवाला ती शिवून टाकतो.