भरतीच्या एजंटांबद्दल पण लिहा
सैन्यातला भ्रष्टाचार म्हणजे वरची शस्त्रखरेदी, हे लेखातलं म्हणणं अर्धंच आहे. आमच्या परभणीकडं तो भरतीपासूनच सुरू होतो. पोरं पहाटे रोडवर पळायलेत अन् इकडं एजंट बापाला गाठून मेडिकलला पास करून देतो म्हणून लाखांत पैसे मागायलाय, माझ्या चुलतभावानं त्यापायी वावर गहाण टाकलं. हे एजंट करत काहीच नाहीत, दहा जणांकडून घ्यायचे, जो स्वतःच्या मेहनतीनं लागला त्याचे ठेवायचे अन् बाकीच्यांना परत, तेही दिले तर.

२०२१ ला पेपर फुटून सैन्यभरतीची देशभरातली लेखी परीक्षा रद्द झाली, तपासात आर्मीचे अधिकारीच सापडले. २०२३ पासून पळण्याच्या चाचणीआधी ऑनलाइन परीक्षा घेतात हे चांगलंच केलं, पण अनफिट ठरलेल्या पोराला मिलिटरी हॉस्पिटलात रिव्ह्यू मेडिकल, म्हणजे परत तपासणी, मिळतं हे गावात किती बापांना माहितीय? भरतीच्या जाहिरातीत हे मोठ्या अक्षरात, मराठीत छापा ना.