येडी बाभूळ काढली की म्हणे वाळवंट होतं

गेले आठ दिवस एकच मेसेज फिरतोय. आधी गावाच्या ग्रुपवर आला, मग भावकीच्या, आणि काल पुण्यातल्या सोसायटीच्या ग्रुपवरनं परत माझ्याकडंच आला. वर जेसीबीनं उपटलेल्या झाडांचा फोटो आणि खाली लिहिलंय की कच्छच्या रणाला लागून असलेल्या बन्नी भागात लाखो झाडांची कत्तल चाललीय, आता आपल्या गायरानांची पाळी, झाड कुठलंही असो ऑक्सिजन देतं, गुरांना शेंगा आणि गरिबाला जळण मिळतं, रणाचं मीठ याच झाडानं अडवलंय, झाडं गेली की वाळवंट. अकरा जणांना पाठवा वगैरे आहेच शेवटी.

फोटोतलं झाड म्हणजे आपली येडी बाभूळ. गुजरातीत तिला गांडो बावळ म्हणतात, म्हणजे तिकडच्या लोकांनीपण तिला येडीच ठरवलंय, भाषा वेगळी पण अनुभव एकच. मी करमाळ्याकडचा, घरी दोन गाया आणि शेळ्या आहेत, त्यामुळं या विषयावर गप्प बसणं जमत नाही.

तर पहिलं, "झाड कुठलंही असो". ही मूळची मेक्सिको, मध्य अमेरिकेकडची, इंग्रजांनी १८७०च्या दशकात बी आणून मद्रास इलाख्यात लावली. बन्नीत वनखात्यानं १९६०-६१च्या सुमारास एकतीस हजार हेक्टरवर लावली आणि आता अडीच हजार चौरस किलोमीटरच्या त्या कुरणाचा अर्ध्याहून जास्त भाग तिनं खाल्लाय. कुरण म्हणतोय मी, जंगल नाही. तिथं झाडं कमीच होती आणि ते कमी असणं हा काही रोग नव्हता. आपल्या डोक्यात एक पक्कं बसलंय की माळ म्हणजे जंगल व्हायचं राहून गेलेली जमीन, सरकारी नकाशातपण अशा जमिनी सरळ पडीक म्हणून टाकतात. मग आमच्या सोलापूरकडच्या नान्नजच्या माळरानात, जे माळढोक पक्ष्यासाठी राखलेलं, तिथंपण गिरीपुष्प लावून ठेवला होता. माळढोकाला लांबवर दिसणारा उघडा माळ लागतो हो, झाडी नाही. आणि माळावरचं गवत कार्बन आपल्या मुळांमधे आणि मातीत धरून ठेवतं, ते वरनं फोटोत दिसत नाही एवढाच त्याचा गुन्हा.

दुसरा मुद्दा शेंगांचा, आणि इथं मेसेज लिहिणाऱ्यानं गुरं कधी राखली नाहीत हे कळतं. शेंगा गोड असतात हे खरंय, गाय हावऱ्यासारखी खाते. पण बी कठीण, ते रवंथातनंही सुटतं आणि आख्खंच्या आख्खं शेणातनं बाहेर पडतं, वर खत आणि ओलावा फुकट. पावसाळ्यात माळावरचा शेणाचा एखादा जुना पोव काठीनं उलटा करून बघा, खाली पाच-सात कोंब मान वर काढून बसलेले असतात. म्हणजे गाय चरत नसते, पेरणी करत असते. शिवाय पाला कडू, तो शेळीसुद्धा सहसा तोंडात धरत नाही, म्हणून रोपाला खाणारं कुणी नाही आणि बी पसरवणारे सगळे. नुसत्या शेंगांवर राहिलेल्या गुराचं पोट गच्च होतं, दात आणि जबडा जातो. बन्नीचे मालधारी (माल म्हणजे तिकडं जनावरं) पूर्वी कांकरेज गाईंसाठी प्रसिद्ध होते, या झाडापुढं गाय टिकेना म्हणून म्हशी वाढल्या, आता बन्नी म्हैस रात्री चरायला जाते आणि सकाळी आपली आपण घरी येते. केनियात बारिंगोच्या पशुपालकांनी तर या झाडावरनं सरकारला कोर्टात खेचलं आणि पुरावा म्हणून दात पडलेली शेळी न्यायला कमी केलं नाही. शेंगा वाळवून दळून पेंडीत घातल्या तर बी मरतं आणि खाद्यही बरं होतं, पण ते वेगळं काम झालं, "माळावर सोडा, खातील" हे नव्हे.

रणाचं मीठ. लावताना हेतू तोच होता, नाकारत नाही. पण बन्नीत मीठ वाढायचं एक मोठं कारण असं सांगतात की दक्षिणेकडनं येऊन बन्नीत पसरणाऱ्या नद्यांवर धरणं झाली आणि दरवर्षी मीठ धुऊन नेणारं गोडं पाणीच आटलं. त्यावर बाभूळ हे उत्तर कसं होईल? खाली गवत असतं तर मातीही धरली असती आणि म्हशीचं पोटही भरलं असतं.

जळणाचं मात्र खरंय. तिथं बरीच कुटुंबं याच लाकडाचा कोळसा करून जगतात, आमच्याकडंही चुलीला हेच लागतं, लाकूड ओलं असलं तरी पेटतं. बन्नीत तोडीवरची बंदी २००४ला उठवली आणि २००८ला परत घातली, या धरसोडीत सगळ्यात जास्त हाल त्याच माणसांचे झाले असणार. म्हणून एका झटक्यात सगळं साफ करा म्हणणारे मला पटत नाहीत. टप्प्याटप्प्यानं काढा, लाकूड त्याच लोकांना द्या.

आता "तोडलं की वाळवंट". यात तथ्य एवढंच की चुकीचं तोडलं तर माळ आणखी बिघडतो, वाळवंट नाही पण काट्यांचं रान होतं. मी स्वतः केलंय. तीन वर्षांमागं चैत्रात बांधावरची कोयत्यानं जमिनीलगत छाटली, चपलेतनं काटा आरपार गेला ते वेगळंच, आणि आषाढात बघतो तर एका बुंध्याला नऊ फुटवे! डोळे असतात ते जमिनीच्या खाली, बुंधा आणि मूळ जिथं मिळतं तिथं. तिथनं खाली वीत-दीडवीत खणून तो गड्डा बाहेर काढला तरच ती मरते. टेक्सासच्या रँचवाल्यांनी हा धडा आपल्या आधी शिकलाय, तिथं मेस्किट म्हणजे हिचीच जातभाई आणि ती तिथली मूळची, तरी गुरं बेसुमार चारली आणि माळाला लागणारी आग बंद केली तशी ती कुरणभर पसरली. मग त्यांनी दोन ट्रॅक्टरच्या मधे जहाजाच्या नांगराची साखळी बांधून माळच्या माळ आडवे केले. बरंच परत फुटलं. मग मुळं खालनं कापणारे नांगर, आखून लावलेली आग, आणि दर काही वर्षांनी परत फेरी.

म्हणजे जेसीबी आला, फोटो काढला, बिल निघालं, याला कुरण परत आणणं म्हणत नाहीत. गड्डा काढल्यावर खड्डा बुजवायचा, पहिल्या पावसाआधी मारवेल, पवन्या असल्या गवतांचं बी टाकायचं, एक-दोन पावसाळे गुरं बाहेर ठेवायची आणि उगवलेली रोपं ओल असताना हातानं उपटायची, हाताएवढी असतात तोवर निघतात, कमरेएवढी झाली की मग उपटत नाहीत. आणि ड्रायव्हरला आधी झाड दाखवा राव. गावठी बाभळीला पिवळी गोल फुलं आणि मण्यांच्या माळेसारखी शेंग, येडीला लांब तुरा आणि सरळ पिवळी शेंग. शमी तर हिच्या नात्यातली आणि पक्की देशी. हिवर, बोर, शमी यांना हात लावायचा नाही. याहून वाईट म्हणजे साफ केलेल्या गायरानात लगेच वृक्षलागवडीचे खड्डे घेतात, एका गावात मी बघितलंय, मग धनगराच्या मेंढरांना बाभूळ होती तेव्हाही वाट नव्हती आणि आता कुंपण आहे.

आमच्या बाजूचेपण कमी नाहीत हां. ही हवेतला ओलावा शोषते, हिच्यावर पाखरू बसत नाही, असले मेसेज तमिळनाडूपासून इथपर्यंत फिरतात. साफ खोटं. आमच्या बांधावरच्या येडीवर सुगरणीचे खोपे लटकलेले होते.

त्या बांधावरचे गड्डे गेल्या उन्हाळ्यात खणून काढले, सतरा निघाले, दोन पोरं चार दिवस. यंदा तिथं गुडघ्याएवढी मारवेल आहे आणि मधे मधे परत उगवलेली रोपं, ती उपटतोय. गायरानातली अजून तशीच उभी आहे. काढायची तर पुढच्या शेंगा पिकून गळायच्या आत काढा असं ग्रामसभेत सांगून आलोय, सरपंच बघू म्हणालेत.